म्हैसमाळवर आकाशदर्शनाची रात्र आखताना

मंडळाचे आकाशदर्शन अमावास्येजवळच्या शनिवारी ठरवावे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री शक्यतो वाया घालवू नयेत, कारण उन्हाळ्यातील धुळीचा थर मराठवाड्यात क्षितिजालगतचे तारे अक्षरशः गिळून टाकतो. छत्रपती संभाजीनगरच्या दिव्यांपासून दूर, म्हैसमाळच्या पठारावर दिवस मावळण्यापूर्वी पोहोचून दुर्बीण उघड्यावर ठेवावी. आरसा बाहेरच्या हवेइतका गार होईपर्यंत गुरूचे पट्टे थरथरतच दिसतात.

बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाची दुहेरी घडी रबराने बांधावी. अंधाराला डोळे सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि कोणी मोबाइल उजळला की ती सारी फुकट जातात; येथे भीड बाळगू नये.

नवख्यांना प्रथम ध्रुवतारा दाखवावा. तो येथे क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींइतका उंच असतो. फेब्रुवारीत दक्षिणेला अगस्त्य तारा, त्यानंतर मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा उजळ ढग, दाखवावा. स्वतःची दुर्बीण घेण्याची घाई मात्र करू नये. पहिले वर्षभर १०×५० ची, म्हणजे दहापट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, द्विनेत्री (बायनॉक्युलर) पुरते.