ड्रायव्हरचा दम आणि पिटची वेळ : बी-स्पेक शिकणाऱ्यांसाठी

आमच्या वर्तकनगरच्या घरी पीएस३ (प्लेस्टेशन ३) आला तो मावसभावाचा. तो ठाणं सोडून नेरूळला राहायला गेला, नवा कन्सोल घेतला आणि जुना माझ्याकडे देऊन गेला. सोबत 'ग्रान टुरिस्मो ५' या गाड्यांच्या शर्यतींच्या गेमची डिस्क होती. हा गेम नोव्हेंबर २०१० मधला. माझ्या हाती पडला तोवर जवळजवळ दहा वर्षं उलटली होती आणि त्याचा ऑनलाइन भाग २०१४ सालीच बंद झाला होता. तरीही शर्यत आखायची कशी, हे मला त्यातल्या बी-स्पेक या भागाने जितकं शिकवलं तितकं नंतरच्या कुठल्याच गेमने शिकवलं नाही. नव्याने या वाटेला येणाऱ्यांसाठी ते सगळं लिहून ठेवतोय.

बी-स्पेकमध्ये गाडी आपण चालवत नाही. गाडी चालवतो गेमचा ड्रायव्हर. आपण पिटमध्ये (पेट्रोल, टायर, ड्रायव्हर बदलायला गाडी थांबते त्या जागी) उभं राहून त्याला सूचना द्यायच्या : वेग वाढव, आहे तसा ठेव, कमी कर, पुढच्याला मागे टाक. आणि वेळ झाली की आत बोलवायचं. बास, एवढंच. मला पहिल्या आठवड्यात हे फारच सोपं वाटलं आणि मी एकामागून एक शर्यती हरलो.

सुकुबाची चार तासांची शर्यत अजून डोळ्यांसमोर आहे. सुकुबा हा जपानमधला जेमतेम दोन किलोमीटरचा ट्रॅक, आणि शर्यत माझदाच्या छोट्या रोडस्टर गाड्यांची. लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, इतका लहान की समोर सतत कुणीतरी दिसतंच. मला कुणी दिसलं की मी 'मागे टाक' दाबायचो. तासाभरात तिसऱ्यांदा माझा ड्रायव्हर शेवटच्या वळणावर ब्रेक उशिरा लावून बाहेर गेला. मी चिडून कंट्रोलर सोफ्यावर टाकला. बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते. तरुणपणी ते कोपरीच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचे. त्यांनी चष्म्यावरून टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्याचा दम गेलाय रे. बाहेर काढ त्याला." त्यांना गेममधलं काही कळत नव्हतं. पण ते रस्ता बघतच नव्हते, गाडी कशी डुलतेय ते बघत होते. चढाईला गेलेल्या गड्याचे पाय बघावेत तसं.

त्या दिवसापासून मी रस्त्यापेक्षा पट्ट्यांकडे बघायला लागलो. स्क्रीनवर ड्रायव्हरची शारीरिक ताकद आणि मानसिक ताकद वेगवेगळ्या पट्ट्यांवर दिसते. त्यांच्याबरोबर त्याचं डोकं किती तापलंय हे दाखवणारा मीटर असतो, एका टोकाला थंड निळा, दुसऱ्या टोकाला लाल. निळ्यात गेला की तो सांभाळून पण हळू चालवतो. लालमध्ये गेला की वेगवान असतो, फक्त कधी चुकेल याचा नेम नाही. वेग वाढवायला सांगितलं की मीटर लालकडे सरकतो, कमी करायला सांगितलं की मागे येतो. आणि सूचना दाबली की लगेच फरक पडत नाही, थोडा वेळ जातो. नवखा माणूस इथेच फसतो. फरक दिसला नाही म्हणून पुन्हा दाबतो, परत दाबतो, आणि दोन वळणांनंतर ड्रायव्हर एकदम भडकतो.

माझा नियम साधा आहे. एक सूचना दिली की किमान अर्धा लॅप हात बाजूला. 'मागे टाक' फक्त लांब सरळ रस्ता समोर असेल आणि पुढची गाडी खरोखर हळू असेल तेव्हाच. वळणावळणाच्या भागात पुढे कुणी असलं तरी 'आहे तसा ठेव'. ओव्हरटेक हुकला तर लगेच दुसरा हट्ट धरायचा नाही, आधी मीटर मध्यावर येऊ द्यायचा. एवढ्यावर मी सुकुबा पूर्ण केली, एकदाही वाळूत न जाता.

लांब शर्यतीत ड्रायव्हर आळीपाळीने गाडी चालवतात, आणि सगळेच ड्रायव्हर सारखे नसतात हेही लक्षात घ्या. एखादा पटकन तापतो, एखादा ढिम्म असतो. माझ्याकडे एक अतिशय तापट ड्रायव्हर होता. मी त्याला सुरुवातीच्या गर्दीत पाठवायचो आणि तो पहिल्याच वळणावर कुणाला तरी धडकायचा. मग त्याची जागा बदलली. शर्यत तासभर चालून गाड्या पांगल्या की तो गाडीत बसायचा, आणि मोकळ्या ट्रॅकवर त्याच्यासारखा वेग कुणाचा नव्हता. थंड डोक्याचा माणूस सुरुवातीला, तापट मधे, आणि ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे तो शेवटच्या तासासाठी राखलेला. म्हणून क्रम लावताना शेवटून मोजा. शेवटचा स्टिंट (एका पिटपासून पुढच्या पिटपर्यंतची पाळी) कोणाचा हे आधी ठरवा आणि तो त्या वेळी पूर्ण विश्रांती घेऊन ताजा असेल अशा बेताने मागे मागे या.

खऱ्या शर्यतींतही माणसाच्या दमाचा हिशेब नियमात बसवलेला आहे. फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एका ड्रायव्हरला कोणत्याही ६ तासांत ४ तासांपेक्षा जास्त आणि एकूण १४ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. १९५२ साली पिएर लव्हेग नावाच्या फ्रेंच ड्रायव्हरने तिथे जवळजवळ तेवीस तास एकट्याने टाल्बो गाडी चालवली. सहकारी तयार असूनही स्टिअरिंग सोडलं नाही. तो आघाडीवर होता, आणि शेवटच्या तासात इंजिन गेलं. थकव्यात चुकीचा गिअर पडला असं अनेकजण म्हणतात. पहिल्या दोन जागा मर्सिडीजला मिळाल्या. मी हे वाचलं तेव्हा माझ्या सुकुबाच्या ड्रायव्हरबद्दल मला खरंच वाईट वाटलं.

आता पिट. पिटचा विचार करताना तीन घड्याळं डोक्यात ठेवायची : पेट्रोल, टायर आणि दम. जे आधी संपेल त्याच्या हिशेबाने आत बोलवायचं. पेट्रोल सत्तर मिनिटं पुरतंय पण ड्रायव्हरची ताकद पंचावन्न मिनिटांनी तळाला जातेय, तर पंचावन्नलाच बोलवा. उरलेली पंधरा मिनिटं वाया गेली असं वाटू देऊ नका. थकलेला ड्रायव्हर त्या पंधरा मिनिटांत प्रत्येक लॅपला वेळ घालवतो आणि वर एखादी धडक पदरात टाकतो. शिवाय पुढच्या वेळी टाकी काठोकाठ भरायची गरज नाही. स्टिंटला लागेल तेवढंच आणि वर थोडं भरा. पिटमध्ये कमी वेळ उभे राहाल आणि गाडीही हलकी राहील.

किती वेळा थांबायचं हे अंदाजाने ठरवू नका, कागदावर मांडा. समजा शर्यत ३० लॅपची आहे, पिटमध्ये जाऊन येण्यात ३० सेकंद जातात आणि टायर एकेक लॅप जुना होईल तसे लॅपला ०.२ सेकंद वाढत जातात : नव्या टायरवर शून्य, पुढच्या लॅपला ०.२, मग ०.४. एकदाही न थांबता टायरमुळे एकूण ८७ सेकंद जातात. पंधराव्या लॅपनंतर एकदा थांबलात तर टायरचे ४२ आणि पिटचे ३०, मिळून ७२. दहाव्या आणि विसाव्या लॅपनंतर असे दोनदा थांबलात तर टायरचे २७ आणि पिटचे ६०, म्हणजे पुन्हा ८७. इथे एकच थांबा बरोबर. पण टायर दुप्पट वेगाने झिजत असतील, तर हाच हिशेब दोन थांब्यांच्या बाजूने झुकतो : एका थांब्यात ११४, दोन थांब्यांत ११४, म्हणजे बरोबरी, आणि मग ताज्या ड्रायव्हरचा फायदा दुसऱ्या थांब्याचं पारडं जड करतो. हे एकदा हाताने सोडवून पाहा. नंतर कुठल्याही गेममध्ये पाच मिनिटांत जमतं.

यासाठी आकडे लागतात, आणि आकडे सरावातून येतात. मी दोनशे पानी वही केली होती. एका पानावर एक स्टिंट : लॅप क्रमांक, वेळ, टाकीत उरलेलं पेट्रोल, टायरची अवस्था, ड्रायव्हरचे दोन्ही पट्टे. दर लॅपला एक ओळ. सुरुवातीला कंटाळा येतो. तीन स्टिंट लिहून झाले की ड्रायव्हर कितव्या लॅपला ढासळतो हे आपोआप दिसायला लागतं.

लांब ट्रॅकवर ही वहीच तारते. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या २४ तासांच्या शर्यतीचा लॅप २५ किलोमीटरच्या वर आहे. माझी गाडी साडेआठ मिनिटं घ्यायची आणि लॅपला ११ लिटर प्यायची. टाकी १०० लिटरची. कागदावर ९ लॅप बसतात, ९९ लिटर. मी पहिल्यांदा नऊवर गेलो. ड्रायव्हरला मधे एकदाच वेग वाढवायला सांगितलं होतं, तेवढ्यात पेट्रोल जास्त गेलं आणि नवव्या लॅपच्या उत्तरार्धात गाडी रखडत, रखडत पिटला आली. लहान ट्रॅकवर एक लॅप चुकला तर मिनिट जातं, इथे सगळीच शर्यत हातची जाते. मग ८ लॅप पक्के केले. ८ लॅप म्हणजे ६८ मिनिटं. २४ तासांत असे एकवीस स्टिंट, तीन ड्रायव्हरांत वाटले तर प्रत्येकी सात, म्हणजे साधारण आठ तास गाडी चालवणं आणि मधे दोन-सव्वादोन तासांची विश्रांती. ही विश्रांती मिळाली की पट्टे भरून यायचे.

आणि ती शर्यत खरोखर २४ तास चालते, हे विसरू नका. पिटमध्ये असताना सेव्ह करून थांबता येतं, तेव्हा थांबा. मशीनलाही उसंत मिळते, जुन्या पीएस३ला तर ती लागतेच. मी हे ऐकलं नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये रविवारी दुपारी एक वाजता शर्यत सुरू केली, सोमवारची सुट्टी टाकली. पहाटे चारला एकदा सेव्ह केलं आणि नंतर दर पिटला करायचा आळस केला. १२ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली. तुम्ही या भागात असाल तर तो दिवस आठवत असेल, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. मी आघाडीवर होतो, तीन तास राहिले होते. टीव्ही काळा झाला तेव्हा मी काही वेळ नुसता बसून राहिलो. आई म्हणाली, "जेवून घे आणि झोप." मी झोपलो. नंतर वीज आल्यावर पहाटे चारपासून पुन्हा सुरू केली, वहीतले त्या सहा तासांचे आकडे समोर ठेवून. या वेळी दर पिटला सेव्ह केलं. ते सहा तास मी पहिल्यापेक्षा चांगले चालवले, कारण कुणाचा दम कधी संपणार हे आता मला आधीच ठाऊक होतं.

पीएस३ हाताशी नसेल तर हाच अभ्यास इतरत्र करता येतो. 'मोटरस्पोर्ट मॅनेजर' २०१६ मधला गेम आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो. त्याच्या एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या) भागात एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात आणि त्यांना पिटमध्ये बदलावं लागतं. फॉर्म्युला वनवरच्या गेममध्ये ड्रायव्हर बदलणं नाही आणि पेट्रोल भरणंही नाही, कारण खऱ्या फॉर्म्युला वनमध्येच २०१० पासून शर्यतीत पेट्रोल भरायला बंदी आहे. तिथे सगळा खेळ टायरचा. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकारचे टायर वापरावे लागतात, म्हणून एक थांबा आलाच. चाकं बदलायला दोन-अडीच सेकंद लागतात, पण पिट लेनमधून हळू जाण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. हिशेबात तो धरायला नवखे हमखास विसरतात.

सध्या माझा भाचा शिकतोय. नववीत आहे, रविवारी दुपारी येतो. पहिले दोन रविवार त्याला कंट्रोलर दिलाच नाही, फक्त वही दिली. रुसला होता. गेल्या रविवारी पहिल्यांदा त्याच्या हाती शर्यत सोपवली आणि मी मागे खुर्चीत बसलो. सातव्या लॅपला पुढच्या गाडीशी अंतर दोन सेकंदांवर आलं. त्याचा अंगठा 'मागे टाक'वर गेलेला मला दिसला. तो थांबला, पट्ट्याकडे पाहिलं, वही उलटून मागच्या स्टिंटचा सातवा लॅप शोधला.

"मामा, आत घेतो याला."

"अजून एक लॅपचं पेट्रोल आहे की."

"पेट्रोल आहे. दम नाहीये."

ड्रायव्हर बदलून गाडी बाहेर आली तेव्हा पाचव्या जागेवर होती. भाच्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला, पेन्सिल उचलली आणि नव्या पानावर पहिली ओळ लिहायला घेतली.