बोटीतला रिले: पाय नीट ओळखून जोडा

हॉर्न किंवा सर्चलाइटचा १५-२० अँपिअर करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून नेऊ नका. त्याचे काँटॅक्ट जळतात आणि लांब वायरीत व्होल्टेज पडतं ते वेगळंच. रिले, म्हणजे छोट्या करंटने चालणारा मोठ्या करंटचा स्विच, उपकरणाजवळ बसवा. १२ व्होल्टच्या नेहमीच्या रिलेची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, त्यामुळे स्विचपर्यंत बारीक वायर पुरते.

बॅटरीचा पॉझिटिव्ह फ्यूजमधून ३० नंबरच्या पायाला, ८७ वरून उपकरणाला. स्विचची वायर ८६ ला, ८५ निगेटिव्हला. स्विचच्या वायरीलाही २-३ अँपिअरचा वेगळा फ्यूज हवा. मुख्य फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण तो वायरीला वाचवतो, उपकरणाला नव्हे.

कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका जिरवायला तिच्यावर (८५ आणि ८६ मध्ये) १एन४००७ डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावताना पट्ट्याची बाजू ८६ कडे. उलटा लागला, तर स्विच दाबताच शॉर्ट. काही रिलेत डायोड आतच असतो, तेव्हा पायांची आकृती आधी पाहा.

खाऱ्या हवेत साधं तांबं आतून काळं पडतं. कल्हई केलेली वायर आणि आत गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) वापरा, रिलेचे पाय खाली तोंड करून ठेवा.