जुन्या यामाहा क्यूवाय-७० सिक्वेन्सरचे पॅटर्न (साथीचे तयार तुकडे) यामाहा पीएसआर कीबोर्डवर स्टाइल (आपोआप वाजणारी साथ) म्हणून नेताना

कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलली की तालवाद्यांचे आवाजच बदलतात? मग पर्कशन बेसच्या चॅनेलवर बसलंय.

१. पॅटर्न फक्त सी मेजर सेव्हन कॉर्डवर वाजवून मिडीने (वाद्य आणि संगणक जोडणारी पद्धत) संगणकात रेकॉर्ड करा.
२. चॅनेल: पर्कशन ९, ड्रम १०, बेस ११, कॉर्ड १२-१३, पॅड १४, फ्रेज १५-१६. ड्रमचे दोन ट्रॅक एकाच किटचे असतील तर १० वर एकत्र करा.
३. पहिला बार आवाज-निवडीपुरता. त्याच्या सुरुवातीला ‘एसएफएफ१’ (SFF1, सगळी कॅपिटल) आणि ‘एसइंट’ (SInt, एस, आय कॅपिटल) हे मार्कर (फाइलमधल्या नावाच्या खुणा), दुसऱ्या बारला ‘मेन ए’ (Main A). मार्कर रोमन लिपीतच हवेत, स्पेलिंग चुकलं तर स्टाइल वाजणार नाही.
४. मिडी फॉरमॅट ० मध्ये सेव्ह करून एक्स्टेन्शन ‘एसटीवाय’ (sty) करा.

सी मायनरवर रेकॉर्ड करू नका. पीएसआर ते मेजर सेव्हनच धरतो आणि पुढे सगळं बेसूर लागतं.