उत्तर आधीच ठरवून विचारलेले प्रश्न: नैराश्याच्या उपचारात या चुका टाळा

‘मी निकामी आहे’ हे वाक्य क्लायंटच्या तोंडून आले की नवशिक्या थेरपिस्टच्या मनात त्याचा प्रतिवाद लगेच तयार होतो. वाद घालायचा नाही हे तो शिकलेला असतो, म्हणून त्या प्रतिवादाला तो एक प्रश्नचिन्ह जोडतो आणि आपण सॉक्रेटिक पद्धतीने, म्हणजे प्रश्नांच्या मदतीने क्लायंटला स्वतःचे विचार तपासायला लावून, काम करत आहोत असे समजून चालतो. ही पद्धत सर्वाधिक वेळा बिघडते ती इथेच, आणि पुढे सांगितलेल्या बऱ्याच चुकांचे मूळही याच सवयीत सापडते.

पद्धतीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना पाहिले की त्यांच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी ठरावीक वळणाचे विचार आपोआप उमटत राहतात आणि रुग्ण ते तपासून न पाहता खरे मानतो. हे विचार चुकीचे असल्याचे रुग्णाला पटवून देण्याऐवजी, पुराव्याच्या आधारे ते दोघांनी मिळून तपासावेत, असा मार्ग त्यांनी निवडला आणि प्रश्न हे त्या तपासाचे मुख्य साधन झाले. 2015 साली अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 55 रुग्णांच्या सुरुवातीच्या तीन सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या सत्रात थेरपिस्टने अशा प्रश्नांचा अधिक वापर केला होता, त्या सत्रानंतर पुढच्या सत्रापर्यंत लक्षणांत अधिक सुधारणा दिसली, आणि उपचारसंबंध किती चांगला आहे हे विचारात घेतल्यावरही हा दुवा टिकून राहिला. अभ्यास लहान आहे आणि निरीक्षणावर आधारलेला आहे, तरीही प्रश्न विचारण्याच्या कौशल्यावर वेळ खर्च करण्यासारखा आहे एवढे त्यावरून म्हणता येते.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक: सूचक प्रश्न

न्यायालयात ज्याला सूचक प्रश्न म्हणतात, म्हणजे ज्याचे उत्तर प्रश्नातच दडलेले असते, तो उपचारात किती सहज शिरतो हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. क्लायंट एका कार्यालयात लेखापाल आहे, वय पंचेचाळिशीचे, आणि दोन महिन्यांपासून त्याचे नैराश्य वाढलेले आहे. त्याने तयार केलेला अहवाल वरिष्ठांनी चुका काढून परत पाठवला आणि तेव्हापासून ‘मी निकामी झालोय’ हा विचार त्याची पाठ सोडत नाही.

‘गेल्या वर्षी तुम्हाला बढती मिळाली होती ना?’
‘हो.’
‘निकामी माणसाला बढती मिळते का?’
‘नाही.’
‘मग यावरून काय दिसतं?’
‘…की मी निकामी नाही.’

कागदावर हा संवाद यशस्वी दिसतो, कारण योग्य वाक्य क्लायंटच्याच तोंडून वदवून घेतलेले आहे. प्रत्यक्षात त्याने नवीन काही शोधलेले नाही. समोरच्याला कोणते उत्तर हवे आहे ते ओळखून त्याने ते दिले आहे, आणि नैराश्यातली माणसे हे फार लवकर ओळखतात. घरी जाताना त्याच्या मनात आणखी एका विचाराची भर पडलेली असण्याची शक्यता मोठी आहे: इतकी साधी गोष्ट सांगावी लागते, म्हणजे मी खरोखरच निकामी आहे. आता हाच प्रसंग, उत्तर माहीत नसलेल्या माणसाने विचारलेल्या प्रश्नांनी पुढे गेलेला पाहा.

‘हा शब्द मनात नेमका केव्हा आला?’
‘अहवाल परत आला तेव्हा. मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर.’
‘मग तुम्ही काय केलंत?’
‘तासभर नुसता बसून होतो. नंतर दुरुस्त्या करून दिल्या.’
‘याआधी कधी अहवाल परत आला होता का?’
‘कितीदा तरी. वर्षातून दोन-तीन तरी येतातच.’
‘तेव्हा मनात काय यायचं?’
‘साहेबांना आज दुसरं काही काम दिसत नाही, असं.’ (किंचित हसतो.)
‘आणि या वेळी?’
(बराच वेळ शांत.) ‘या वेळी… अहवाल नेहमीसारखाच परत आला. मीच नेहमीसारखा नाहीये.’

शेवटचे वाक्य थेरपिस्टच्या मनात नव्हते. त्याला कदाचित ‘चूक किरकोळ होती’ या निष्कर्षाची अपेक्षा होती. क्लायंट मात्र त्याहून उपयोगी ठिकाणी पोहोचला. परत आलेल्या अहवालाचा अर्थ आपण आजाराच्या चष्म्यातून लावत आहोत हे त्याला दिसले, आणि ते केवळ त्या मंगळवारपुरते मर्यादित राहत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीन पॅडेस्की यांनी 1993 साली लंडन येथील एका परिषदेत नेमका हाच भेद मांडला होता: प्रश्नांचा हेतू समोरच्याचे मत बदलणे हा आहे की शोधात त्याला सोबत करणे हा आहे? माझ्या मते पडताळणीची साधी खूण अशी की संपूर्ण सत्रात एकाही उत्तराने थेरपिस्टला चकित केले नसेल, तर त्या सत्रात प्रश्न विचारले गेले नाहीत, परीक्षा घेतली गेली.

या संदर्भात नावाविषयीही सावध राहिलेले बरे. प्लेटोच्या संवादांतला सॉक्रेटिस पुष्कळदा समोरच्या आत्मविश्वासू माणसाला टप्प्याटप्प्याने निरुत्तर करून सोडतो. नैराश्यातला माणूस आधीच निरुत्तर होऊन आलेला असतो, त्यामुळे त्या सॉक्रेटिसची नक्कल उपचारात कामाची नाही. त्याच संवादांत सॉक्रेटिस आपल्या आईचा, म्हणजे एका सुईणीचा, दाखला देतो आणि आपणही लोकांच्या विचारांच्या जन्माला मदत करतो असे म्हणतो. थेरपिस्टने गिरवायचा तो हा सॉक्रेटिस.

प्रश्नांचा मारा आणि गाळलेला सारांश

दुसरी चूक वेगाची आहे. नैराश्यात विचारांची गती मंदावते, एकाग्रता कमी होते आणि उत्तर शोधायला वेळ लागतो, पण शांततेने अस्वस्थ झालेला थेरपिस्ट एका दमात तीन प्रश्न विचारून मोकळा होतो. क्लायंट त्यांपैकी सोप्या प्रश्नाला उत्तर देतो आणि महत्त्वाचा प्रश्न वाऱ्यावर जातो. एक प्रश्न विचारून मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, हा सल्ला बाळबोध वाटला तरी कामाचा आहे.

याच घाईत सारांश गळतो. पॅडेस्की यांच्या मांडणीत माहिती काढणारे प्रश्न, लक्षपूर्वक ऐकणे, सारांश आणि शेवटी जोडणारा प्रश्न असे चार भाग आहेत. प्रत्यक्ष सत्रांत पहिला भागच ऐसपैस जागा घेतो आणि इतर तिन्हींना अंग चोरून बसावे लागते. वरच्या उदाहरणात थेरपिस्टने थांबून असे म्हणायला हवे: ‘म्हणजे अहवाल पूर्वीही परत यायचे आणि तेव्हा तुम्ही साहेबांवर वैतागायचात. या वेळी तुम्ही स्वतःवर उलटलात, तरीही त्याच दिवशी काम पूर्ण करून दिलंत. मी बरोबर समजतोय का?’ त्यानंतरच ‘हे सगळं एकत्र पाहिल्यावर निकामी या शब्दाविषयी काय वाटतं?’ हा प्रश्न अर्थपूर्ण ठरतो. सारांश क्लायंटच्याच शब्दांत आणि शक्यतो कागदावर असावा, कारण नैराश्यात वाईट गोष्टी आपोआप आठवतात आणि विरुद्ध पुरावा सत्र संपेपर्यंतही लक्षात राहत नाही.

‘का’ आणि ‘नेहमी’ यांच्या पातळीवर राहणे

‘तुम्हाला असं का वाटतं?’ हा प्रश्न निरागस दिसतो, पण नैराश्यातल्या माणसाला तो जाब विचारल्यासारखा ऐकू येतो आणि त्याचे उत्तर बहुधा ‘मी तसाच आहे म्हणून’ असे मिळते. शिवाय नैराश्यात आठवणी ठोकळ स्वरूपात येतात. विशिष्ट प्रसंग सांगा म्हटले तरी ‘लहानपणापासून माझं असंच आहे’ असे उत्तर मिळते. म्हणून केव्हा, कुठे, कोण होते, तेव्हा मनात पहिला शब्द कोणता आला, शरीरात काय जाणवले, अशा प्रश्नांनी एका दिवसाच्या एका तासापर्यंत उतरावे लागते. मंगळवार, जेवणाच्या सुट्टीनंतर, हा तपशील हाती आला नसता तर वरचा संवाद पुढे सरकलाच नसता.

क्लायंट वारंवार ‘माहीत नाही’ म्हणत असेल तर तो विरोध समजू नये. प्रश्न मोठा झाला असावा. तो लहान करावा, किंवा दोन-तीन पर्याय पुढे ठेवून ‘यांपैकी काही जवळचं वाटतं का, की वेगळंच काही?’ असे विचारावे. ‘तुम्हीच सांगा ना’ असे म्हटल्यावर मात्र प्रत्येक वेळी प्रश्न परत फेकणे हा पद्धतीचा अतिरेक आहे. झोप मोडणे, पहाटे लवकर जाग येणे, निर्णय घेता न येणे ही आजाराची लक्षणे आहेत, ही माहिती सरळ सांगावी. माहिती असलेल्या गोष्टीचे कोडे घालण्यात काहीच सॉक्रेटिक नाही.

खऱ्या विचाराशी भांडणे

नकारात्मक विचार म्हणजे चुकीचा विचार, हे समीकरण घेऊन बसलेला थेरपिस्ट हमखास अडकतो. नोकरी खरेच गेलेली असते, जोडीदार खरेच सोडून गेलेला असतो, कर्ज खरेच डोक्यावर असते. अशा वेळी ‘याला पुरावा काय?’ असे विचारणे क्रूरपणाचे ठरते आणि उपचारसंबंधाला तडा जातो. वस्तुस्थिती मान्य करून तिला दिलेल्या अर्थाकडे वळावे: ‘नोकरी गेली, यातून तुम्ही स्वतःविषयी कोणता निष्कर्ष काढला?’ निष्कर्ष तपासता येतो. घटना तपासण्यासारखी नसते, तिच्यासाठी पुढच्या पायऱ्यांचे नियोजन आणि दुःखाला जागा, दोन्ही लागतात. क्लायंट रडत असताना पुराव्यांचा तक्ता काढणे हीसुद्धा याच जातीची चूक आहे. आधी भावना ऐकून घेतली पाहिजे, तपास काही मिनिटे थांबू शकतो.

‘डोक्याला पटतं, मनाला पटत नाही’

हे वाक्य ऐकल्यावर अधिक जोर लावून तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात आणि सत्र वादविवादाकडे झुकते. खरे तर हे वाक्य उपयुक्त माहिती देते: उत्तर शब्दांत तयार झाले आहे, अनुभवात नाही. विचारावरचा विश्वास सुरुवातीला आणि शेवटी 0 ते 100 या मापावर विचारण्याची सवय ठेवली तर हे लवकर कळते. 90 वरून 75 झाला असेल तर तो प्रामाणिक आकडा आहे. 90 वरून एकदम 5 झाला असेल तर क्लायंट तुम्हाला खूश करत नाही ना, हे पाहावे. पुढचे काम कृतीचे असते. ‘मी मदत मागितली तर सहकारी टाळाटाळ करतील’ असा विचार असेल तर काय घडेल याचा अंदाज आधी लिहून एका सहकाऱ्याकडे एक छोटी मदत मागायची आणि प्रत्यक्षात जे घडले ते अंदाजाशेजारी लिहायचे. सहकाऱ्याने खरोखर टाळाटाळ केली तर काय, हा प्रश्नही आधीच बोलून ठेवावा, नाहीतर एकच फसलेला प्रयोग मूळ समजुतीचा नवा पुरावा होऊन बसतो.

प्रश्न बाजूला ठेवण्याची वेळ न ओळखणे

नैराश्य तीव्र असेल, क्लायंट अंथरुणातून उठू शकत नसेल, तर विचारांच्या तपासाआधी दिवसाचे वेळापत्रक आणि लहान कृती यांपासून सुरुवात करणे योग्य असते आणि मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणीही करून घ्यावी लागते. वास्तवाशी संबंध सुटल्याची चिन्हे असतील, उदाहरणार्थ आपल्याला आवाज शिक्षा सुनावतात असे क्लायंट सांगत असेल, तर पुराव्याच्या प्रश्नांनी काही साधत नाही. तिथे वैद्यकीय उपचार तातडीचे असतात.

आत्महत्येच्या विचारांविषयी तर आडवळणाचे प्रश्न अजिबात विचारू नयेत. ‘आयुष्य संपवण्याचा विचार येतो का? कसं करायचं हे ठरवलं आहे का? साधन जवळ आहे का?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती निराधार आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारल्याचे हायसे वाटते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या सत्रापुरता विचारांचा तपास थांबतो आणि सुरक्षिततेची योजना, जवळच्या माणसांचा सहभाग आणि तातडीची वैद्यकीय मदत एवढेच काम उरते. जे वाचक स्वतः या अवस्थेत असतील त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आत्ताच जवळच्या माणसाशी, डॉक्टरांशी किंवा आपत्कालीन सेवेशी बोलावे.

घरी स्वतःला प्रश्न विचारताना

सत्रात शिकलेले प्रश्न क्लायंटने घरी स्वतःला विचारावेत अशी अपेक्षा असते, परंतु सूचना अपुऱ्या असतील तर रात्री दोन वाजता अंधारात ‘माझं कुठं चुकलं?’ हा एकच प्रश्न गोल गोल फिरत राहतो आणि त्यालाच आत्मपरीक्षण समजले जाते. तपास आणि रवंथ यांतला फरक ओळखायला सोपा आहे: तपास कागदावर होतो, एका प्रसंगापुरता असतो आणि वीसेक मिनिटांत कुठेतरी पोहोचतो. प्रसंग, भावना, विचार, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा आणि पर्यायी विचार एवढे रकाने पुरेसे आहेत. विरुद्ध पुराव्याचा रकाना रिकामाच राहत असेल तर ‘हेच जवळच्या मित्राच्या बाबतीत घडलं असतं तर मी त्याला काय म्हणालो असतो?’ हा प्रश्न तिथे लिहून ठेवावा. वीस मिनिटांनंतरही मन जड असेल तर कागद मिटून उठावे आणि अपुरा तक्ता तसाच पुढच्या सत्राला घेऊन यावा.

आपल्या लेखापालाला दिलेले काम याहूनही छोटे होते. पुढचा अहवाल परत येईल तेव्हा मनात आलेला पहिला शब्द आणि त्या आधीच्या रात्री किती तास झोप झाली, एवढ्या दोनच गोष्टी त्याने लिहायच्या होत्या. झोपेचा रकाना त्याने स्वतः सुचवला होता.