बेळगावात सायन्स कॉन्फरन्स घेताय? जेवणं, सहल आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात या चुका टाळा

कॉन्फरन्सच्या पहिल्या मीटिंगला काय होतं ते सांगतो. की-नोटला कोण येणार, पेपर कोण तपासणार, सर्टिफिकेटवर कुणाकुणाच्या सह्या, यावर दोन तास जातात आणि सगळे उठायला लागले की कुणीतरी म्हणतं, ते बँक्वेट आणि ट्रिपचं तेवढं बघून घ्या की सर. ते बघून घेणारे सर म्हणजे मी, आणि हे काम मी इतक्या वेळा केलंय की कुठे काय बिघडतं ते आता आधीच दिसतं, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढतोय.

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो. जेवण, चहा, सहल, संध्याकाळचा कार्यक्रम हे कॉन्फरन्सच्या कडेचं काम नाही. पेपर काय, नंतर पीडीएफमध्येही वाचता येतो. पण ज्यांचा पेपर वाचून आपण प्रोजेक्ट केला त्या माणसाशी समोरासमोर दहा मिनिटं बोलायला मिळणं हे आपल्या निपाणी-चिकोडी-खानापूरकडच्या पोरापोरींना वर्षातून एकदा मिळतं, आणि ते मिळतं या कार्यक्रमांतच.

सगळ्यात मोठी चूक: ओळख आपोआप होईल असं समजणं

एका कॉन्फरन्सच्या वेलकम डिनरला मी बघत होतो, खानापूर तालुक्यातली एमएस्सीची एक मुलगी प्लेट घेऊन भिंतीला टेकून उभी होती. मातीतल्या बुरशीवर तिचं काम, आणि त्याच विषयातले मोठे सर दहा फुटांवर उभे, त्यांच्याभोवती चारपाच सिनियर प्राध्यापकांचं कडं. ती दोनदा पुढे गेली, दोनदा मागे आली. प्लेटमधला पुलाव गार झाला, चमचा तसाच, आणि शेवटी ती मैत्रिणीबरोबर हॉस्टेलच्या रिक्षात बसून निघून गेली. मला ते त्या वेळी दिसत होतं आणि मी केटररशी गुलाबजामच्या हिशेबावर बोलत होतो, ते अजून सलतं.

तर यावर उपाय असा केला आणि तो खरंच चालतो. सहा-सहा खुर्च्यांची गोल टेबलं लावायची, प्रत्येक टेबलावर एक बाहेरचा पाहुणा, दोन आपले शिक्षक, तीन विद्यार्थी, आणि नावाच्या चिठ्ठ्या आधीच ठेवायच्या. बफे असला तरी बसायची जागा ठरलेली. शिवाय दोन बोलक्या शिक्षकांना एकच काम द्यायचं, एकटं उभं असलेलं कुणी दिसलं की त्याला नेऊन कुणाशी तरी ओळख करून द्यायची, विषय सांगून: "सर, ही मातीतल्या बुरशीवर काम करते, तिला तुम्हाला एक विचारायचंय." एवढं एक वाक्य पुढे टाकलं की पुढचं ती मुलगी स्वतः बोलते. दुसऱ्या वर्षी एका टेबलावरचं बोलणं इतकं रंगलं की वाढपी ताटं उचलायला थांबून राहिले होते.

गळ्यातल्या बॅजवर नाव मोठ्या अक्षरात आणि खाली विषय लिहा. पद लिहिलं नाही तरी चालतं, विषय हवाच.

तारीख ठरवताना गावाचं कॅलेंडर न बघणं

बाहेरचे लोक म्हणतात डिसेंबर छान, बेळगावची थंडी छान. खरंय, पण डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की गावात हॉटेलची रूम मिळणं मुश्कील होतं. ती इमारत २०१२ ला सुरू झाली तेव्हापासून हे गणित धरूनच चालावं लागतं. एक नोव्हेंबरच्या आसपास नको, राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि मराठी भागातलं वातावरण वेगळं असतं, पाहुण्यांना त्यात अडकवू नये. गणपतीत तर गाव रस्त्यावरच असतं. तुळशीच्या लग्नानंतर कार्यालयं आणि आचारी दोन्ही लग्नांत बुक. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं, आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ धरला तर शाळेच्या मुलांसाठी जाहीर व्याख्यानही जोडता येतं. रामन परिणामाची ती तारीख, १९२८ ची. फक्त ते व्याख्यान इंग्रजीत ठेवू नका हो. मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांची मुलं येतात, तर दोन वक्ते ठेवा नाहीतर दोन्ही भाषा येणारा एक शोधा, आपल्याकडे असे शिक्षक भरपूर आहेत.

एप्रिल-मेमध्ये लॉनवर डिनर ठेवणार असाल तर वळवाचा पाऊस धरून चला. चार वाजता ऊन असतं आणि सहाला गारा. शेजारचा हॉल त्या रात्रीपुरता अडवून ठेवा, त्याचे पैसे फुकट गेले असं नंतर वाटलं तरी चालेल. आणि जानेवारीत लॉन ठेवलं तर चेन्नई-मंगळूरकडचे पाहुणे कुडकुडतात, त्यांना आधीच मेलमध्ये स्वेटर आणा म्हणून कळवा.

बँक्वेटला सत्काराचा कार्यक्रम घुसवणं

उद्घाटनाला समई, शाल, श्रीफळ सगळं होतंच. मग रात्रीच्या जेवणाआधी परत स्टेजवर चौदा जणांचा सत्कार कशाला? मी बघितलंय, साडेसातचं जेवण सव्वानऊला सुरू झालं, वांग्याची भाजी गार, भाकऱ्या चामड्यासारख्या. सत्कार करायचा तर उद्घाटनालाच उरका, बँक्वेटला दोनच जण बोलतील आणि प्रत्येकी पाच मिनिटं.

या उशिरात अजून एक गोष्ट होते जी कुणाच्या लक्षातच येत नाही. आपल्या भागात, बेळगाव-निपाणी-सांगली पट्ट्यात जैन मंडळी भरपूर आहेत आणि त्यातले कितीतरी जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. एकदा एक ज्येष्ठ प्राध्यापक रात्री रूमवर पाणीसुद्धा न घेता झोपले, सकाळी कळलं, कारण संध्याकाळी साडेपाचला त्यांच्यासाठी ताट लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. तेव्हापासून रजिस्ट्रेशन फॉर्ममध्ये "शाकाहारी की मांसाहारी" एवढ्यावर मी थांबत नाही, सूर्यास्ताआधी जेवणार का, कांदा-लसूण-बटाटा चालतो का, त्या दिवशी उपवास आहे का, रोजा आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे सगळं विचारतो. आणि भांड्यांसमोर पाट्या लावा, शेंगदाणा असेल तर स्पष्ट लिहा, आपल्या चटण्यांत तो असतोच आणि बाहेरच्या माणसाला ते माहीत नसतं. नॉनव्हेजचं टेबल वेगळं, चमचे वेगळे.

मेन्यूबद्दल एकच सांगतो, पनीर बटर मसाला आणि मंचुरियन पाहुण्यांना त्यांच्या गावातही मिळतं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगा चटणी, शेवटी कुंदा म्हणजे आपली दुधाची मिठाई, हे ठेवा. मांडे, म्हणजे गोड पातळ पोळ्या, करणारं कुणी मिळालं तर उलट्या कढईवर सगळ्यांसमोर करायला लावा. रुमालासारखा पातळ मांडा हातावरून कढईवर जाताना बघायला जी गर्दी होते ना, त्या गर्दीत अनोळखी माणसं आपोआप एकमेकांशी बोलायला लागतात, कुठलाही आइस-ब्रेकर गेम लागत नाही.

पोस्टर सेशन आणि जेवण एकाच वेळी

जेवण सुरू झाल्याचं अनाउन्स झालं की पोस्टरजवळ फक्त पोस्टरवालाच उरतो. चहा-भजी पोस्टरच्या मधोमध ठेवा, जेवण तासाभराने. एवढंच.

गाण्याचा कार्यक्रम आवाजात बुडवणं

आपला भाग गाण्याचा आहे, कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, जन्म १९२४ चा. त्याच वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखालच्या बेळगाव काँग्रेसमध्ये लहानग्या गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत म्हटलं होतं. हे सगळं पाहुण्यांना सांगा, ते भारावून जातात. पण तासाभराची मैफल पुरे, आणि गाणं ऐकायची जागा वेगळी, जेवायची वेगळी. जेवताना मोठ्या स्पीकरवर ऑर्केस्ट्रा लावला की समोरच्याचं नावही ऐकू येत नाही आणि ज्यासाठी सगळ्यांना एकत्र आणलं तेच राहून जातं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा तर कायदाच आहे, २००० सालच्या ध्वनी नियमांपासूनचा, म्हणून साडेनऊला संपेल असाच कार्यक्रम आखा.

सूत्रसंचालन कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत होऊ दे. एकाच भाषेत केलं की अर्धे लोक मोबाईल काढतात, आणि आपल्या गावात त्यावरून मनंही दुखावतात. बॅनरचा मजकूर छापायच्या आधी दोन्ही भाषांच्या शिक्षकांकडून वाचून घ्या.

सहल: ऋतू न बघता गोकाक

ही चूक मी स्वतः केलेली आहे. फेब्रुवारीच्या शेवटी पंचेचाळीस जणांना बसने गोकाकला नेलं. ब्रोशरवर धबधब्याचा जुलैतला फोटो, आणि समोर सुमारे ५२ मीटरचा नुसता कोरडा कातळ, कडेला पाण्याची एक बारीक रेघ. पुण्याच्या एक मॅडम अर्धा मिनिट बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाणी कुठून येतं?" घटप्रभा नदीचं पाणी वर हिडकल धरणात आणि धुपदाळच्या बंधाऱ्यावर अडतं, कालव्यांत जातं, म्हणून पावसाळा सरला की धबधबा असाच असतो. हे मला माहीत असायला हवं होतं.

पण त्याच दिवशी परतताना धुपदाळला थांबलो आणि दिवस वाचला. बंधाऱ्यामागच्या पाणथळीत हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, घटप्रभा पक्षी अभयारण्य तेच. करकोच्यांचा थवा उठला तेव्हा बसमधल्या फिजिक्सच्या माणसांनीही दुर्बीण मागून घेतली. आता हिवाळ्यात सकाळी लवकर धुपदाळ आणि येताना गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची मिठाई, घेणं, हा माझा ठरलेला बेत. जून ते सप्टेंबर असेल तर खुशाल धबधबा. अर्धाच दिवस हातात असेल तर बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालचं, छतातलं ते दगडी कमळ बघायला तासभर पुरतो. इतिहासाची मंडळी असतील तर हलशी, कदंबांची देवळं, चाळीसेक किलोमीटर.

भीमगडचं मात्र जपून. तिथल्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ जगप्रसिद्ध आहे, बराच काळ जगात त्याची वस्ती फक्त इथलीच माहीत होती. पाहुणे हट्ट धरतात, पण अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि परवानगी मिळाली तरी गुहेत पन्नास माणसांची सहल नेऊ नये, वटवाघळांना तो त्रास सोसत नाही. त्याऐवजी त्यावर काम करणाऱ्या कुणाला तरी बोलवून संध्याकाळी फोटोंसह व्याख्यान ठेवा, ते कितीतरी चांगलं.

आंबोली किंवा गोव्याकडे जाणार असाल तर बसचं परमिट आधी बघा. कॉलेजची बस किंवा फक्त कर्नाटकचं परमिट असलेली गाडी चेकपोस्टवर अडली की तीन तास गेले समजा. रस्त्यावर स्वच्छ टॉयलेट कुठे आहे ते आदल्या दिवशी कुणीतरी गाडी घेऊन जाऊन बघून यायचं, हे काम फोनवर होत नाही. आणि सहल शेवटच्या दिवशी नको, अर्धे लोक गाडीच्या घाईत असतात, मधल्या दिवसाची दुपार मोकळी सोडा. परदेशातल्या गॉर्डन कॉन्फरन्समध्ये दुपार बहुतेक मोकळी असते, सकाळी आणि रात्री व्याख्यानं, दुपारी माणसं फिरतात आणि बोलतात, ते मला फार पटतं.

ग्रुप फोटोही पहिल्याच दिवशी सकाळी साडेदहाला काढून घ्या, बारा वाजता सगळ्यांचे डोळे मिटलेले येतात. १९२७ च्या, भौतिकशास्त्रज्ञांच्या सोल्वे परिषदेतला एकोणतीस जणांचा फोटो आज शाळेच्या भिंतींवर दिसतो तो कुणीतरी सगळ्यांना वेळेवर ओळीत बसवलं म्हणूनच.

मुलींची सुरक्षितता "होईल नीट" यावर सोडणं

डिनर, बस, हॉटेलची लॉबी, इथे काही झालं तर ते कॉन्फरन्सच्या बाहेरचं असं कमिट्या म्हणतात. ते चूक आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहन हेही कामाच्या ठिकाणातच धरलंय. दोन शिक्षिकांचे नंबर बॅजच्या मागे छापा, रात्रीच्या प्रत्येक बसमध्ये एक शिक्षिका, आणि शेवटची मुलगी हॉस्टेलवर पोचेपर्यंत कमिटीतलं एक माणूस जागं. कॅम्पसवर दारू नाही म्हणजे नाही, कितीही मोठा पाहुणा असो.

ऐन वेळी बिघडलं तर

जेवण कमी पडतंय असं दिसलं तर आधी कमिटीने आणि व्हॉलंटियर्सनी थांबायचं, भात लगेच चढवायचा, तो लवकर होतो. केटररला सांगताना नोंदणीपेक्षा दहा टक्के ताटं जास्त धरा, पण ड्रायव्हर, माइकवाले, सिक्युरिटी यांची ताटं त्यात मोजलेली असू देत, ही माणसं नेहमी विसरली जातात. गायक आला नाही तर रिसर्च स्कॉलर्सना विचारा, त्यांच्यात एक तरी तबला वाजवणारा आणि एक भजन म्हणणारी निघतेच. लाइट गेली तर जनरेटरवाल्याचा नंबर एकाकडे नको, तिघांकडे हवा. बस बंद पडली तर पाहुण्यांना खरं काय ते लगेच सांगा, दहा मिनिटांत येते असं तीनदा सांगू नका.

आणि शेवटच्या संध्याकाळी रात्रीच्या बेंगळुरू गाडीला जाणाऱ्यांची यादी दुपारीच करा. दोन कडक भाकऱ्या, शेंगा चटणी, थोडा कुंदा असा डबा बांधून नाव लिहून ठेवायचा, आणि स्टेशनवर सोडायला ड्रायव्हरबरोबर एक विद्यार्थी पाठवायचा. आमच्या त्या बुरशीवाल्या मुलीला मी पुढच्या कॉन्फरन्सला हेच काम दिलं होतं, त्याच सरांच्या गाडीत. गाडी पाऊण तास लेट होती, आणि ती परत आली तेव्हा तिच्या वहीची चार पानं भरलेली होती.