जॅझचे लिक कसे शिकायचे: थोडे घ्या पण पुरते मुरवा

इम्प्रोव्हायझेशन शिकायला बसलेले बरेच जण आधी स्केल घोकतात, डोरियन झालं, मिक्सोलिडियन झालं, सगळं पाठ, आणि मग बॅकिंग ट्रॅक लावला की हात नुसते वरखाली स्केलच वाजवत राहतात, जॅझसारखं काही ऐकूच येत नाही. मग कोणीतरी सांगतं की लिक शिक. मग शंभर लिकची एखादी पीडीएफ उतरवली जाते आणि नवीनच अडचण होते, बोटांना लिक येतात पण गाणं सुरू झालं की त्यातला एकही वेळेवर आठवत नाही, आणि आठवला तरी भलत्याच कॉर्डवर पडतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे, पाच-सहाच लिक घ्या पण त्यातला प्रत्येक सूर कुठल्या कॉर्डचा कितवा आहे आणि कुठल्या बीटवर येतोय हे नीट कळेपर्यंत पुढच्या लिकला हात लावू नका.

लिक म्हणजे एक-दोन बारचा (एक बार म्हणजे इथे चार बीट) तयार तुकडा. तयार तुकडे वापरले तर ते इम्प्रोव्हायझेशन कसलं, असं वाटतं ना? थोर जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं बघा. थॉमस ओवेन्स नावाच्या अभ्यासकाने १९७४ मध्ये पार्करच्या सोलोंवर पीएचडी केली, त्यात त्याला साधारण शंभर तुकडे पुन्हापुन्हा येताना सापडले. पार्करसारखा माणूस! फक्त तो तेच तुकडे दरवेळी वेगळ्या जागी सुरू करायचा, मधेच तोडायचा, दुसऱ्याला जोडायचा, म्हणून ऐकणाऱ्याला ते नवीन वाटतात. आणि हे त्याने मिळवलं कुठून तर ऐकून. १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगराळ भागात बँडबरोबर नोकरी होती, तिकडे जाताना तो काउंट बेसीच्या बँडच्या रेकॉर्डी घेऊन गेला आणि त्यातले सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगचे सोलो त्याने पाठ केले.

आधी सगळ्यात प्रसिद्ध लिक घेऊ, ज्याला लोक नुसतं 'द लिक' म्हणतात. डी मायनर सेव्हनवर:

डी ई एफ जी ई सी डी

पेटीवाल्यांसाठी, डी ला सा धरला तर सा रे कोमल ग म रे कोमल नी (मंद्र) सा. म्हणजे काफी थाटातले सूर, डोरियन म्हणतात ते हेच. पहिले चार सूर दोन बीटमध्ये, मग ई एक पूर्ण बीट, मग चौथ्या बीटवर सी आणि त्या बीटच्या दुसऱ्या अर्ध्यात डी, जो पुढच्या बारमध्ये ओढला जातो. शेवटचा डी बरोब्बर बीटवर टाकला तर लिक एकदम शाळेच्या प्रार्थनेसारखा सरळ होतो, त्यामुळे तो आधी यायलाच हवा.

आता हेच सात सूर जी सेव्हनवर वाजवा. एकही सूर बदलायचा नाही. डी आता पाचवा झाला, एफ सातवा, जी मूळ. मग एफ मेजर सेव्हनवर वाजवा, तिथे डी सहावा, ई सातवा आणि एफ मूळ. खाली डाव्या हाताने कॉर्ड धरा किंवा ट्रॅक लावा आणि प्रत्येक वेळी शेवटच्या डीचा रंग कसा बदलतो ते ऐका. एक लिक तीन ठिकाणी चालतो हे कानाने पटलं की नवीन लिकची घाई आपोआप कमी होते.

आता मुख्य काम. जॅझच्या स्टँडर्ड गाण्यांमध्ये सगळ्यात जास्त भेटणारी चाल म्हणजे टू फाइव्ह वन, पट्टीच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरचे कॉर्ड ओळीने, सी मध्ये डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. तिच्यावरचा हा लिक घ्या, सगळे सूर सारखे, एका बीटला दोन:

ए जी एफ ई डी एफ ए सी | बी डी एफ ए फ्लॅट जी एफ डी एफ | ई

पांढरी एकला सा धरून: ध प म ग रे म ध सां, मग नी, आणि तिथून तार सप्तकात रे म कोमल ध प म रे म, शेवटी तार ग.

हा नुसता वाजवून पुढे जाऊ नका, त्याची फोड करा. पहिल्या बारमध्ये बीटवर पडणारे सूर कोणते? ए, एफ, डी, ए. चारही डी मायनरचे. मधले जी आणि ई बीटच्या मधे लपलेत म्हणून ते वाटेतले सूर वाटतात. शेवटचा सी हा डी मायनर सेव्हनचा सातवा, तो अर्धा स्वर खाली बी वर उतरतो आणि बी म्हणजे जी सेव्हनचा तिसरा. हे एक पाऊल म्हणजे या लिकचा जीव आहे, पियानो बंद असला तरी कॉर्ड बदलल्याचं ऐकणाऱ्याला नुसत्या या दोन सुरांवरून कळतं. दुसऱ्या बारमध्ये बी डी एफ ए फ्लॅट असं चढून जी वर येतो, तो ए फ्लॅट म्हणजे फ्लॅट नाइन (कॉर्डच्या मूळ सुरापासून नववा, अर्धा स्वर उतरवलेला), तिखट सूर आहे, आणि तो बीटच्या मधे येऊन लगेच जी वर सुटतो म्हणून कानाला टोचत नाही. मग शेवटी डी, एफ, ई. खालचा सूर, वरचा सूर, आणि मग मधला हवा असलेला. याला एन्क्लोजर म्हणतात, बीबॉपमध्ये, म्हणजे पार्करच्या शैलीत, पावलोपावली सापडेल, आणि ते ई म्हणजे सी मेजरचा तिसरा.

इतकं समजल्यावर अक्षरं विसरा आणि आकडे लक्षात ठेवा. टू वर ५, ४, फ्लॅट ३, २, १, फ्लॅट ३, ५, फ्लॅट ७. फाइव्ह वर ३, ५, फ्लॅट ७, फ्लॅट ९, १, फ्लॅट ७, ५, फ्लॅट ७. आणि वन वर ३. बाराही पट्ट्यांत न्यायचा तो या आकड्यांवरून, क्रम सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी, ई, ए, डी, जी असा घ्या कारण गाण्यांमध्ये कॉर्ड बऱ्याचदा याच दिशेने सरकतात. एका दिवसात बारा करायचा हट्ट नको, रोज एक पट्टी पण ती न अडखळता. गिटारवाल्यांना हे फारच सोपं वाटतं कारण आकार तोच ठेवून हात सरकवला की पट्टी बदलली, पण त्याने कानाला काहीच कळत नाही, तेव्हा त्यांनी तोच लिक तीन वेगवेगळ्या पोझिशनमध्ये काढावा आणि एकदा तरी एकाच तारेवर.

वाजवायच्या आधी तोंडाने म्हणा. तबलेवाले बोल हातात यायच्या आधी पढंत करतात तसंच. गळा चांगला नसला तरी चालेल, सूर आणि लय बरोबर आली पाहिजे. जे म्हणता येत नाही ते सोलोच्या मध्यात आठवणार नाही, कारण तिथे विचार करायला वेळच नसतो, डोक्यात ऐकू येतं तेच हातातून निघतं.

लयीचं थोडं. मेट्रोनोमचा टिक दोन आणि चारवर ऐकायची सवय लावा, ८० चा टेम्पो हवा असेल तर मेट्रोनोम ४० वर ठेवायचा आणि प्रत्येक टिक दोन किंवा चार समजायची. सुरुवातीला सगळं उलटं वाटतं, थोड्या दिवसांत बसतं. आणि स्विंग म्हणजे लंगडत वाजवणं नाही, सूर एकमेकांना चिकटलेले लांब ठेवायचे आणि किंचित जोर बीटच्या मधल्या सुरांवर. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटवाले बऱ्याचदा मधल्या सुराला जीभ लावतात आणि पुढचा बीटवरचा सूर त्यातच ओढून घेतात, पियानो गिटारवर तीच गोष्ट जोर देऊन करायची. वेग वाढला की हे लांब-आखूड अंतर कमी होत जातं, खूप जलद लयीत सूर जवळजवळ सारखेच होतात.

लिक पक्का झाला की तो मोडायला घ्या, आणि माझ्या मते इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, पण बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत. पहिला बार तसाच ठेवून दुसरा बदला:

ए जी एफ ई डी एफ ए सी | बी ए जी एफ शार्प एफ ई डी एफ | ई

इथे दुसरा बार वर न जाता खाली उतरतो. जी आणि एफच्या मधे एफ शार्प कशाला घुसवलाय? तो काढून वाजवून बघा. बी ए जी एफ ई डी असं सरळ उतरलात की तिसऱ्या बीटवर ई येतो, जो जी सेव्हनचा सूर नाही, आणि ओळ ढिली पडते. एफ शार्प घातला की एक सूर वाढतो आणि बी, जी, एफ, डी हे सगळे बरोबर बीटवर येतात. बीबॉप स्केल म्हणतात ती हीच, मिक्सोलिडियनमध्ये एक जादा सूर. इथे जी ला सा धरा, मग खमाजात दोन्ही निषाद लागतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे सूर अनोळखी वाटणार नाहीत, फक्त इथे दोन्ही नी एकापाठोपाठ येतात आणि कारण हिशोबाचं आहे, कॉर्डचे सूर बीटवर आणायचे. पियानोवादक बॅरी हॅरिस न्यूयॉर्कच्या आपल्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं अशाच जादा सुरांचे नियम शिकवत राहिले, त्यांच्या क्लासचे व्हिडिओ मिळतात, ते आवर्जून बघा.

अजून मोडा. पहिले दोन सूर गाळून तिथे शांतता ठेवा आणि एफ पासून सुरू करा. नाहीतर मूळ लिकचे फक्त शेवटचे पाच सूर घ्या, जी एफ डी एफ ई, आणि तेवढ्यावर चार बार काढा. किंवा सूर तेच ठेवून लय बदला, काही लांब काही तोकडे. ट्रम्पेटर क्लार्क टेरी शिकवताना तीन पायऱ्या सांगायचे, आधी नक्कल, मग ते पचवणं, मग स्वतःचं काढणं, तर ही मोडतोड म्हणजे दुसरी पायरी आहे आणि ती टाळून तिसरीवर जाता येत नाही.

नवीन लिक आणायचे कुठून? पुस्तकातून कमी, रेकॉर्डवरून जास्त. कागदावरच्या लिकमध्ये सूर असतात पण तो माणूस कुठे मागे रेंगाळला, कुठला सूर गिळला, हे नसतं. पहिल्यांदा करत असाल तर माइल्स डेव्हिसचा 'सो व्हॉट' मधला सोलो घ्या, 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ च्या अल्बममधला. सोळा बार डी डोरियन, आठ बार ई फ्लॅट डोरियन, परत आठ बार डी, कॉर्ड बदलायची धावपळ नाही आणि माइल्स सूर मोजकेच लावतो. त्यानंतर चेट बेकर, मग लेस्टर यंगचा १९३६ चा 'लेडी बी गुड', आणि पार्कर त्याच्यानंतर. यूट्यूबवर वेग ०.७५ किंवा ०.५ करा, दोन बार लूपवर टाका, आधी म्हणा, मग वाद्यावर शोधा, लिहून काढायचं ते सगळ्यात शेवटी. एका सोलोतून आवडलेले दोनच तुकडे उचला. खरंच आवडलेले, अवघड आहेत म्हणून नव्हे.

आपल्याकडेही हे शिक्षण असंच झालंय. मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवणारा गोव्याचा ट्रम्पेटर चिक चॉकलेट, ज्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, त्याचा ट्रम्पेट आणि बँड सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' मध्ये आहे, १९५१ चा सिनेमा. 'शोला जो भडके' पुन्हा एकदा फक्त ट्रम्पेटकडे लक्ष देऊन ऐका आणि त्यातली एखादी जागा वाद्यावर काढून बघा, सूर कानात आधीपासूनच बसलेले असल्यामुळे कानाने उतरवायच्या सरावाला फार चांगलं आहे.

आता गाण्यात बसवणं. 'ऑटम लीव्हज' घ्या, जी मायनरमध्ये. सुरुवातच सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर अशी आहे, म्हणजे आपला लिक एक स्वर खाली आणला की झालं:

जी एफ ई फ्लॅट डी सी ई फ्लॅट जी बी फ्लॅट | ए सी ई फ्लॅट जी फ्लॅट एफ ई फ्लॅट सी ई फ्लॅट | डी

पुढे मायनरची टू फाइव्ह येते, ए मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, डी सेव्हन, जी मायनर. तिथे पहिल्या बारमधला पाचवा आणि दुसरा फ्लॅट करा, शेवटचा तिसराही फ्लॅट करा, बाकी काही करायचं नाही:

ई फ्लॅट डी सी बी फ्लॅट ए सी ई फ्लॅट जी | एफ शार्प ए सी ई फ्लॅट डी सी ए सी | बी फ्लॅट

शेवटचा बी फ्लॅट म्हणजे जी मायनरचा तिसरा, आणि तो फ्लॅट नाइन जो मेजरमध्ये तिखट लागत होता तो इथे घरचाच आहे. एकाच लिकमधून मेजर आणि मायनर दोन्ही सुटलं, म्हणून तर फोड करायची.

वाजवताना एका कोरसमध्ये, म्हणजे गाण्याच्या एका पूर्ण फेरीत, हा लिक एकदाच वापरायचा असं ठरवून घ्या. कुठे वापरणार ते आधी नक्की करा, त्याच्या आधीचे दोन बार मोकळे सोडा किंवा अगदी थोडे सूर वाजवा, आणि लिक झाल्यावर लगेच दुसरा न टाकता त्यातलेच दोन-तीन सूर घेऊन उत्तर द्या. पुढच्या कोरसमध्ये जागा बदला. हे आयरियल प्रोसारख्या ॲपवर ट्रॅक लावून करता येतं, किंवा जेमी एबरसोल्डच्या प्ले-अलाँग मालिकेतला तिसरा भाग आहे तो पूर्ण टू फाइव्ह वनवरच आहे. 'ऑटम लीव्हज' मध्ये हात बसला की 'ट्यून अप' घ्या, त्यात हीच चाल डी, मग सी, मग बी फ्लॅट अशी एकेक स्वर खाली येते, तेव्हा पहिल्या पट्टीत लिक पूर्ण वाजवा, दुसरीत मोडून, आणि तिसरीत त्याला हातच न लावता बघा काय निघतंय ते.