नाझी लुटीचा माग काढायचा, तर सुरुवात लुटलेल्या घरापासून करा

मी 31 वर्षं बँकेच्या तपासणी विभागात काढली. निवृत्त झाल्यावर मुलाकडे मेरीलँडला वरचेवर जाणं होऊ लागलं, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची कॉलेज पार्कची इमारत त्याच्या घरापासून जवळच निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी गुन्हेगारांचा दडवलेला पैसा शोधताना तयार झालेले कागद तिथे खोक्यांच्या खोक्यांनी आहेत. तिथे चार हिवाळे बसून जे हाताला लागलं, ते या वाटेने येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिते आहे.

गुन्हेगाराचं नाव घेऊन कधीच सुरुवात करू नका. तसं केलं की तुम्ही खाणीतल्या सोन्याच्या आणि तळ्यात बुडवलेल्या पेट्यांच्या गोष्टींमागे धावत सुटता. त्याऐवजी एक घर धरा. 26 एप्रिल 1938 च्या नाझी हुकुमाने 5,000 राइशमार्कच्या वर मालमत्ता असलेल्या ज्यूंना ती सरकारदरबारी जाहीर करावी लागली. घर, शेअर, विमा, दागिने, चित्रं, सगळं एका फॉर्मवर. लुटणाऱ्यानेच लुटायच्या आधी लिहवून घेतलेली ही यादी. व्हिएन्नातल्या कुटुंबांचे असे फॉर्म ऑस्ट्रियाच्या राज्य अभिलेखागारात आहेत. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार शोधताना आधी जुना सातबारा काढतो आणि मग एकेक फेरफार बघतो, तसाच हा फॉर्म समोर ठेवा. त्यातल्या प्रत्येक वस्तूला विचारा, तुझा फेरफार कधी झाला, कुणाच्या सहीने झाला?

मग वह्यांकडे वळा. लुटीचाही जमाखर्च लिहिला जातो, कारण लुटारूंचा एकमेकांवर विश्वास नसतो. 26 ऑगस्ट 1942 पासून ब्रुनो मेल्मर नावाचा एसएसचा, म्हणजे नाझींच्या निमलष्करी दलाचा कॅप्टन बर्लिनच्या राइशबँकेत, जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेत, छावण्यांत मारलेल्या लोकांचा माल आणून देऊ लागला. सत्तरहून जास्त खेपा झाल्या. घड्याळं, लग्नाच्या अंगठ्या, चष्म्यांच्या फ्रेमा, आणि काही महिन्यांनी दातांचं सोनं. बँकेने पावत्या फाडल्या, वजनं केली, वर्गवारी लावली. नाणी आणि सोन्याच्या लगडी बँकेने ठेवल्या, दागिने विकायला बर्लिनच्या नगरपालिकेच्या गहाणखान्यात गेले, बारीकसारीक सोनं वितळवायला टाकसाळीत. आलेली रक्कम अर्थखात्याकडे ‘माक्स हायलिगर’ या नावाच्या खात्यात जमा होत गेली. या नावाचा माणूसच नव्हता.

मी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. आयुष्यभर बेनामी खाती पाहिली होती. कर चुकवायला काढलेली, भावाचा हिस्सा बुडवायला काढलेली. मारलेल्या माणसांच्या दातांचे पैसे ठेवायला काढलेलं खातं पाहिलं नव्हतं.

तपासणीत आम्ही करायचो तेच इथेही करायचं. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत कुठे गेली ते बघायचं, आणि एका संस्थेने ‘दिलं’ म्हटलं की दुसरीकडे ‘घेतलं’ सापडेपर्यंत थांबायचं नाही. मेल्मरच्या खेपांच्या बाबतीत दुसरी बाजू एका खाणीत सापडली. एप्रिल 1945 मध्ये थुरिंगियातल्या मेर्कर्सच्या मिठाच्या खाणीत अमेरिकन सैन्याला राइशबँकेचा साठा मिळाला. त्यात सोन्याच्या आठ हजारांवर लगडी होत्या, आणि एसएसच्या लुटीचे 207 नग. हे नग बहुतेक सुटकेसा, ट्रंका आणि खोकी होते, म्हणजे बँकेला हा माल पूर्ण निकालात काढायला वेळच मिळाला नव्हता. बँकेच्या मौल्यवान धातू विभागाचा प्रमुख आल्बर्ट टोम्स याने पुढे न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात साक्ष दिली. बँकेचा अध्यक्ष वाल्टर फुंक याला जन्मठेप झाली.

सोन्याच्या लगडीवरची तारीख खरी मानू नका. बेल्जियमने सुमारे 198 टन सोनं सांभाळायला फ्रान्सकडे दिलं होतं. ते आफ्रिकेत डाकारला हलवलं गेलं, फ्रान्स पडल्यावर सहारा ओलांडून परत आणून जर्मनांच्या हवाली झालं. प्रशियाच्या टाकसाळीत ते पुन्हा वितळवलं आणि लगडींवर युद्धाआधीची सालं उमटवली. घेणाऱ्याला वाटावं, हे जर्मनीचं जुनंच सोनं. म्हणून शिक्का बघू नका, वितळवल्याची नोंद आणि वजन बघा. यातलं बरंच सोनं स्वित्झर्लंडमध्ये गेलं, आणि 1946 च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला झालेल्या करारात स्वित्झर्लंडने 25 कोटी फ्रँकचं सोनं द्यायचं कबूल केलं.

आता प्रत्यक्ष खोक्यांविषयी. आधी वाचकाचं ओळखपत्र काढा. पेन, पर्स, कोट बाहेर लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल. टेबलावर एका वेळी एकच खोकं, त्यातून एकच फोल्डर. फ्लॅश बंद ठेवून फोटो काढता येतात, पण कागदाआधी खोक्याच्या पुठ्ठ्याचा आणि फोल्डरच्या पट्टीचा फोटो काढा. नाहीतर रात्री घरी तुमच्याकडे दोनशे कागद असतात आणि एकाचाही पत्ता नसतो. जर्मनीतल्या अमेरिकन लष्करी सरकारचे कागद रेकॉर्ड ग्रुप 260 मध्ये, वकिलातींचे 84 मध्ये, गुप्तहेर खात्याचे 226 मध्ये, अमेरिकेत जप्त झालेल्या शत्रूच्या मालमत्तेचे 131 मध्ये. लंडनच्या क्यू इथल्या अभिलेखागारातही याच गोष्टींची ब्रिटिश बाजू मिळते. दोन्ही वाचा.

यातल्या बऱ्याच फोल्डरवर ‘सेफहेवन’ असा शब्द दिसेल. 1944 मध्ये अमेरिकेने सुरू केलेली ही मोहीम. स्वित्झर्लंड, स्वीडन, स्पेन, पोर्तुगाल अशा तटस्थ देशांत जर्मन पैसा मुरू नये म्हणून वकिलातींनी मिळेल ती खबर लिहून पाठवली. मिळेल ती, हे लक्षात ठेवा. हॉटेलच्या कारकुनाने सांगितलेलं, धंद्यातल्या वैऱ्याने सांगितलेलं, सगळं एकाच टंकलेखन यंत्रावर उमटलेलं. कागद सरकारी दिसतो म्हणून मजकूर सिद्ध होत नाही.

हे मी फार वाईट रीतीने शिकले. लिस्बनहून आलेल्या एका अहवालात मला एक आडनाव मिळालं, मी शोधत होते त्या मध्यस्थाचंच. सात आठवडे मी त्यावर साखळी रचली आणि ज्या घराचे दागिने गेले होते, त्या घरातल्या वृद्ध बाईंना कळवूनही टाकलं. नंतर जन्मतारखेचा कागद निघाला. माणूस दुसराच होता. त्यांनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, “म्हणजे परत शून्य?” तेव्हापासून आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय मी वहीत नाव शाईने लिहीत नाही.

चित्रांचा माग त्यामानाने सोपा, कारण चित्राला चेहरा असतो. युद्ध संपल्यावर अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या कलालूट पथकाने हिटलरचा जवळचा सहकारी गोअरिंग याच्या संग्रहावर आणि हिटलरच्या लिंझमधल्या नियोजित संग्रहालयावर तपशीलवार अहवाल लिहिले. ते आधी वाचा. पॅरिसच्या ‘ज्यू दे पोम’ या कलादालनात जमवलेल्या लुटीच्या नोंदी आणि युद्धानंतर सापडलेली चित्रं जिथे गोळा केली, त्या म्यूनिकच्या संकलन केंद्राची कार्डं आता घरबसल्या पाहता येतात.

पण चित्रही बेनामी होतं. पॅरिसमध्ये गोअरिंगसाठी चित्रं गोळा करणारा ब्रुनो लोझे फ्रान्समधल्या खटल्यातून 1950 मध्ये सुटला आणि 2007 मध्ये वारला. त्या वर्षी झुरिकच्या एका बँकेतली तिजोरी उघडली, तेव्हा आत फ्रेंच चित्रकार पिसारोचं चित्र निघालं. सीन नदीच्या काठाचं, वसंतातलं. प्रकाशक साम्युएल फिशर यांच्या कुटुंबाच्या व्हिएन्नातल्या घरातून ते 1938 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी उचललं होतं. तिजोरी लोझेच्या नावावर नव्हती, लिख्टेनश्टाइनमध्ये नोंदवलेल्या ‘शोनआर्ट’ नावाच्या संस्थेच्या नावावर होती. म्हणून मालक कोण एवढंच विचारून थांबू नका. भाडं कुठल्या खात्यातून जातं, किल्ली कुणाकडे, तिजोरी उघडायला येऊन सही कोण करतं, हे विचारा.

या चित्राबाबत आणखी एक गोष्ट घडली. ते परत मिळवून देतो म्हणून फिशर यांच्या नातीकडे किमतीतला वाटा मागण्यात आला. तिने तो न देता सरकारी वकिलांकडे तक्रार केली, आणि तिजोरी त्यामुळे उघडली गेली. माग काढणाऱ्याने सापडलेल्या वस्तूवर टक्केवारी लावणं मला लुटीचाच पुढचा फेरफार वाटतो. संग्रहालयाकडे किंवा सरकारकडे दाद मागायची असेल, तर नाझींनी लुटलेल्या कलावस्तूंविषयीची 1998 ची वॉशिंग्टन तत्त्वं 44 देशांनी मान्य केली आहेत, त्यांचा आधार कुटुंबाला घेता येतो. त्यांना ते सांगा आणि कागद द्या.

कुटुंबाला पहिलं पत्र एका पानाचं असावं. काय सापडलं, कुठल्या खोक्यात, कुठल्या फोल्डरमध्ये, हे आधी. मग साखळीत कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत काही मिळालेलं नाही, ते तितक्याच ठळक अक्षरात. मोबदला नको, हे एका ओळीत. सोबत कागदांच्या प्रती. सापडेल, मिळेल, परत येईल, यातलं एकही क्रियापद त्या पत्रात नको. त्या बाईंना मी आता असंच पत्र पाठवलं आहे, दुसऱ्या एका खोक्यातल्या तीन कागदांसह. 1941 ते 1943 ची जागा त्यात अजून रिकामी आहे.